लंकाबाईंची कंदाहारची भाची

भिंगारच्या जुन्या बाजारातून लष्कराच्या हद्दीकडे निघालं की उजव्या हाताला एक पाटी दिसते, 'घरगुती खानावळ'. नाव नाही. पाटी रंगवणाऱ्यानं नाव विचारलं होतं म्हणे, तर लंकाबाई ढाकणे त्याला म्हणाल्या, "भूक लागल्यावर नाव वाचत कोण बसतंय?" रंगाऱ्याला ते लगेच पटलं, कारण तो तेव्हा दोन भाकरींवर होता आणि तिसरी यायची होती.

इथं जेवणारे दोन प्रकारचे असतात. लंकाबाईंना मावशी म्हणणारे, आणि आज पहिल्यांदाच आलेले. दुसऱ्या दिवसापासून सगळेच मावशी म्हणतात. कॉलेजची पोरं म्हणतात, लष्करी कचेरीतले कारकून म्हणतात, औषध कंपन्यांचे टाय लावून फिरणारे तरुण म्हणतात. आबासाहेब म्हणून एक निवृत्त नायब तहसीलदार आहेत, ते मावशींपेक्षा चांगले बारा वर्षांनी मोठे, तेही म्हणतात. बाकीच्यांचं हे नुसतं तोंडचं असतं. मावशींनी मात्र नातं मनावर घेतलंय. न कळवता दोन दिवस जेवायला न आलेल्याला तिसऱ्या दिवशी ताट मिळण्याआधी खुलासा द्यावा लागतो, आणि तो नामंजूर होतो. एका औषधवाल्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी चौकशीला थेट खानावळीत आली. मावशींनी सांगितलं, "पोरगा निर्व्यसनी हाय, पण कारलं खात न्हाई. आधीच सांगून ठेवते." लग्न झालं. कारलं तो अजून खात नाही.

या नातेवाइकांत शकीबा आली ती एका वर्गमैत्रिणीचा हात धरून. कंदाहारकडची मुलगी. शेतकीचं पुढचं शिक्षण घ्यायला शिष्यवृत्तीवर आपल्या जिल्ह्यात आलेली. विषय डाळिंब. कंदाहारची डाळिंबं जगात नावाजलेली, मग तिथल्या मुलीनं डाळिंब शिकायला नगरला कशाला यावं, असं आबासाहेबांनी विचारलंच. तिनं सांगितलं की डाळिंबात तिकडचे लोक पुढे आहेत, पण डाळिंबाच्या रोगांत इकडचे. आबासाहेबांना जिल्ह्याचा अभिमान वाटावा की कसं, हे ठरवायला दोन घास लागले.

मराठी ती दोन ठिकाणी शिकली. कॉलेजात शुद्ध, आणि मावशींकडे खरी. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी फळगळीची कारणं विचारली तेव्हा तिनं सुरुवात केली, "लई कारनं हाएत सर." परीक्षक मिरजगावचे निघाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि परीक्षा संपल्यावर स्वतःच्या बागेतल्या झाडांबद्दल पाऊण तास विचारत बसले.

मग एकवीस सालच्या ऑगस्टात तिकडचं राज्य बदललं. इकडे येण्यापूर्वी शकीबा तिकडच्या रेडिओवर बायकांना बागेची निगा कशी राखावी ते सांगायची. छाटणी कधी, पाणी किती, असलं. एवढ्या निरुपद्रवी आवाजाचा कुणाला कशाला राग यावा? पण आला. चार माणसं घरी आली आणि तिचं नाव घेऊन चौकशी करून गेली. वडिलांनी फोन केला. ख्यालीखुशाली विचारली, हवापाण्याचं बोलले आणि शेवटी म्हणाले, येऊ नकोस.

तिचं शिक्षण तेव्हा चालू होतं, म्हणून काही काळ निभावलं. पण एके वर्षी उन्हाळ्यात शिक्षण संपलं, त्याबरोबर शिष्यवृत्ती संपली, वसतिगृह संपलं आणि व्हिसाही संपला. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठी कार्यालय आहे, तिथं तिनं अर्ज केला. त्यांनी एक कागद दिला, 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' तो कागद, तीन पुस्तकं आणि एक पिशवी घेऊन ती खानावळीच्या दारात उभी राहिली. मावशींनी कागद पाहिला नाही. वरची खोली झाडून दिली आणि विचारलं, "जेवलीस का?"

इथपर्यंत मावशींचं सगळं बरोबर होतं. चूक पुढे झाली.

भाडेकरूंच्या नोंदी घेत हवालदार वैजनाथ एका दुपारी आले. शकीबा तेव्हा मिरजगावला कुणाची तरी बाग बघायला गेली होती. मावशींचे दोन्ही हात शेंगोळ्यांच्या पिठात. वैजनाथांनी वही उघडली आणि वर कोण राहतं म्हणून विचारलं.

"भाची," मावशी म्हणाल्या.

"नाव?"

"शकू."

"गाव?"

"आमच्याकडलंच की. पाथर्डीकडलं."

वैजनाथांनी लिहून घेतलं आणि शेंगोळी झालीत का ते विचारलं. पहिली खेप झाली होती. चौकशी तिथंच संपली.

आता बाई खोटं का बोलली? खानावळीत कुणाचा डबा चुकला तर स्वतःहून कबूल करणारी बाई ही. त्याचं उत्तर उसाच्या फडात आहे. मावशी पाथर्डीच्या डोंगराकडच्या. लग्न झाल्यापासून नवरा गहिनीनाथ आणि त्या दर हंगामाला ऊस तोडायला कोल्हारच्या बाजूला जायच्या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे दोन माणसं, चार हात, आणि मोजायचं एक. गहिनीनाथ तापानं गेले. पुढच्या हंगामाला मावशी एकट्याच टोळीबरोबर निघाल्या, तर मुकादम म्हणाला, "अर्धा कोयता मी कुठं लिहू?" शेवटी कुणाची तरी मेहुणी म्हणून त्यांचं नाव यादीत बसवलं, तेव्हा कुठं खोपीला जागा मिळाली. पाच हंगाम त्या मेहुणी होत्या. ज्याची मेहुणी होत्या त्याच्या बायकोलाही त्यांनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. एकट्या बाईला जागा हवी असेल तर आधी ती कुणाची कोण ते सांगावं लागतं, हा धडा मावशींना असा मिळाला होता. म्हणून वही उघडलेली दिसताच त्यांनी पोरीला नात्यात बसवून टाकलं. खोटं बोललो असं त्यांना वाटलंही नाही. पोरगी मावशी म्हणते, तर ती भाचीच की.

आठ महिन्यांनी शकीबा आपण होऊन परदेशी माणसांच्या नोंदणीच्या कचेरीत गेली. दिल्लीचा कागद होता, तो दाखवून राहण्याची परवानगी रीतसर मागावी, असा सरळ विचार. कचेरीत तिचा पत्ता तपासला. परदेशी माणूस घरात ठेवला तर घरमालकानं चोवीस तासांत 'सी फॉर्म' भरून कळवायचं असतं. या पत्त्यावरून तसा फॉर्मच नव्हता. होती फक्त पोलिसांची नोंद, 'शकू, भाची, रा. पाथर्डी.' कचेरीनं त्याचा अर्थ लावला की ही बाई खोट्या नावानं लपून राहते. कागद पाहिला तर तसाच अर्थ लागेल, त्यांना तरी काय दोष द्यायचा. बाजू मांडायला बोलावणं मात्र आलं नाही. थेट नोटीस आली, पंधरा दिवसांत देश सोडा.

कुठं जायचं ते नोटिशीत नव्हतं. पण तिला परत घेणारा देश जगात एकच होता, आणि तिथं चार माणसं तिचं नाव घेऊन वाट बघत होती.

आबासाहेबांनी नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली. 'शकू, भाची' इथं आले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला. मावशी तव्यावरची भाकरी उलटायला विसरल्या. या खानावळीत जळकी भाकरी त्या दिवशी पहिल्यांदा निघाली, आणि कुणी काही बोलून न दाखवता ती खाल्ली गेली.

त्यांनी वकील बोलावली. मोनिका गर्जे. कायद्याचं शिक्षण घेताना पाच वर्षं इथंच जेवलेली, आता नगरला आणि औरंगाबादच्या खंडपीठात काम करणारी. मावशींनी फोनवर एवढंच सांगितलं, "काळा कोट घालूनच ये."

मोनिका कोट घालून आली आणि भर जूनमध्ये स्वयंपाकघरात बसून तिनं सगळं ऐकलं. मग समजावून सांगितलं. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. परदेशी माणसाला इथं राहूच द्या, असं घटना सांगत नाही. मतदान नाही, देशात हवं तिथं वस्ती करायचा हक्क नाही, ते सगळं नागरिकांचं. पण दोन गोष्टी घटनेनं नागरिकांपुरत्या ठेवलेल्या नाहीत. कलम चौदा, कायद्यापुढे सगळ्यांना सारखी वागणूक. आणि कलम एकवीस, कायद्यानं ठरवून दिलेली रीत पाळल्याशिवाय कुणाचाही जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घ्यायचं नाही. आणि जिथं जीव जाईल तिथं बाजू न ऐकता ढकलून देणं म्हणजे जीव घेणंच, असं आपण न्यायालयात म्हणायचं.

"त्यात पाथर्डीची असावी लागती का?" मावशींनी विचारलं.

"नाही मावशी. या जमिनीवर उभा असलेला कुणीही. ते कलम कुणाची कोण, हे विचारतच नाही."

मावशींनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "म्हंजे एकटीला पन अख्खं धरतंय?"

"अख्खं धरतं."

पंच्याहत्तर वर्षांपूर्वी दिल्लीत बसून कुणीतरी असं लिहून ठेवलं होतं, आणि ही गोष्ट कोल्हारच्या फडात मावशींना एकानंही सांगितली नव्हती. त्यांना रागही आला आणि आनंदही झाला. दोन्ही एकदम झाल्यामुळे त्यांनी सगळ्यांना जादा आमटी वाढली.

अडचण वेगळीच होती. शकीबा लपून राहत नव्हती, हे सांगायचं तर 'शकू' कुणी लिहवली तेही सांगावं लागणार. म्हणजे मावशींनी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं, की पोलिसांना खोटं मी सांगितलं. मोनिकानं आडपडदा न ठेवता बजावलं, तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, खानावळीलाही त्रास होईल. आबासाहेबांनी महसुलातला चाळीस वर्षांचा अनुभव पणाला लावून सल्ला दिला की बोटं न अडकवता मोघम लिहावं, "ऐकण्यात गफलत झाली असावी" वगैरे. शकीबाही म्हणाली, "मावशी, तुमी नका ना अडकू. मी बघते काहीतरी." ती काय बघणार होती ते तिलाही माहीत नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "खोटं बोलले मी, आन देश सोडायचा तिनं? कुठला न्याय हाय हा? लिही गं मोनिका. खोटं बोलले, असं ठळक लिही."

प्रतिज्ञापत्राखाली त्यांनी सही केली. अंगठा नाही, सही. सही त्या पन्नाशीत शिकल्या होत्या, आणि ती करायला त्यांना भाकरी थापण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. नोटरीनं घड्याळ बघितलं, तेव्हा मावशींनी त्याला बसायला सांगितलं.

तारखेला तिघी सकाळच्या एसटीनं औरंगाबादला गेल्या. बरोबर पंचवीस भाकरी आणि ठेचा, कारण न्यायालयात किती माणसं असतात याचा मावशींना अंदाज नव्हता. दारावरच्या पोलिसानं डबा उघडायला लावला, वास घेतला आणि काही आक्षेप नोंदवला नाही.

सरकारी वकील मुद्द्याचं बोलले. परदेशी माणसाला या देशात राहण्याचा मूलभूत हक्क नाही, शिवाय या बाईनं ओळख लपवली. मोनिका म्हणाली, राहण्याचा हक्क आम्ही मागतच नाही. मरायला पाठवू नका आणि पाठवण्याआधी ऐकून घ्या, एवढंच मागतो. आणि ओळख लपवली की नाही, हे लपवणाऱ्या बाईंनाच विचारावं, त्या मागं बसल्या आहेत.

ज्येष्ठ न्यायमूर्तींनी प्रतिज्ञापत्र वाचलं, चष्मा काढला आणि लंकाबाईंना पुढे बोलावलं. मराठीत विचारलं, "तुम्ही पोलिसांना भाची का सांगितलं?"

"साहेब, मला दोनशे भाचे हाएत."

न्यायमूर्ती म्हणाले, "दोनशे?"

"खानावळ हाय ना. सगळे मावशी म्हनत्यात. ते हवालदार मागं बसल्यात, तेबी म्हनत्यात."

सगळ्यांनी मागं पाहिलं. हवालदार वैजनाथ नोंदवही घेऊन आले होते. न्यायमूर्तींनी खरं का म्हणून विचारलं, तेव्हा ते सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय साहेब. मीपन." न्यायालयात हसायची सोय नसते, त्यामुळे पुष्कळ लोकांना एकदम खोकला आला.

पण न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "नाव शकू सांगितलंत, गाव पाथर्डी सांगितलंत. ते तर नात्यात बसत नाही."

"ते खोटं बोलले," मावशी म्हणाल्या. "भ्याले. एकट्या बाईला जागा देत न्हाईत, म्हनून भ्याले. तिनं मला सांगितलं नव्हतं तसं बोलायला. ती तर आपल्या पायानं कागद घेऊन कचेरीत गेली. लपनारी बाई जाती का, साहेब? मला काय शिक्षा द्यायची ती द्या. तिला तिकडं नका धाडू. तिथं तिला मारतील."

दोन्ही न्यायमूर्ती एकमेकांशी हळू बोलले. एवढा वेळ शकीबानं मावशींच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग आदेश सांगायला सुरुवात झाली. इंग्रजीत होता. मावशी मोनिकाच्या पाठीकडे बघत होत्या, कारण वकिलाचं तोंड खोटं दाखवू शकतं, पाठ नाही, असं त्यांचं मत. ती पाठ हळूहळू ताठ होत गेली.

नोटीस रद्द. दिल्लीच्या कार्यालयाचा निर्णय होईपर्यंत शकीबाला कुठंही पाठवायचं नाही. कचेरीनं तिची बाजू समक्ष ऐकायची आणि परवानगीचा विचार नव्यानं करायचा. घटनेनं दिलेलं जीवाचं संरक्षण या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे, हे वाक्य न्यायमूर्तींनी इंग्रजीत लिहवलं आणि मग मावशींकडे बघून मराठीत पुन्हा सांगितलं. मावशींना समज दिली, पुन्हा असं करू नका, आणि सी फॉर्म उद्याच्या उद्या भरा. मावशी म्हणाल्या, "आजच भरते साहेब, इथं मिळतो का?"

बाहेर व्हरांड्यात शकीबा खाली बसली आणि रडली, मोनिका कोटाच्या बाहीला डोळे पुसू लागली. मावशींनी भाकरीचा डबा उघडला. पंचवीस पुरल्या नाहीत. सरकारी वकिलांनी दोन घेतल्या, ठेचा जास्त घेतला, आणि मोनिकाला सांगितलं की कायद्याच्या दृष्टीनं त्यांचा मुद्दा अजूनही बरोबर आहे. तिनं मान्य केलं. तोंड भरलेलं असताना वाद लांबत नाहीत.

कचेरीतली सुनावणी रीतसर झाली. तिथल्या साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि दीड तास ऐकून घेतलं. दिवाळीच्या आधी दिल्लीहून तिला निर्वासित म्हणून मान्यता देणारं कार्ड आलं, आणि संक्रांतीच्या सुमाराला दीर्घ मुदतीचा व्हिसा. मधल्या काळात लंकाबाई भिंगारमध्ये घटनेच्या अधिकारी व्यक्ती झाल्या होत्या. घरमालक सी फॉर्म विचारायला यायचे, पुण्याहून कुण्या सुदानी मुलाचा फोन यायचा. त्या सगळ्यांना एकच सांगायच्या, "खरं सांगायचं, वेळेत सांगायचं, आन कागद प्लास्टिकात ठेवायचा." कलम चौदा आणि एकवीस त्यांनी जेवणाऱ्यांना आपल्या पद्धतीनं समजावलं, "मत घरच्यांनी द्यायचं. पन ताटावरून उठवायचं कुनालाच न्हाई."

आता एवढा मोठा विजय, आणि भिंगारमध्ये फ्लेक्स नाही, हे कसं चालेल? आपल्याकडे सोसायटीच्या संचालकाचा पुतण्या दहावी पास झाला तरी चौकात बारा फुटी फ्लेक्स लागतो. खानावळीतल्या पोरांनी वर्गणी मागण्याआधीच मजकूर ठरवला आणि शकीबाचा फोटो मागितला.

मावशींनी साफ नाही म्हटलं. "फोटू फिरत फिरत कुठं जातोय कुनाला ठावं? तिचा बाप अजून तिकडंच हाय."

पोरांना ते पटलं. फ्लेक्स लावायचा, आणि जिच्यासाठी लावायचा तिचं तोंड दाखवायचं नाही. बराच विचार करून त्यांनी मार्ग काढला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात लंकाबाई झळकल्या. कुणाच्या तरी लग्नातला फोटो, डोक्यावर पदर, कपाळावर अक्षता, मागं उगवता सूर्य. 'हायकोर्टातील देदीप्यमान यशाबद्दल श्रीमती लंकाबाई गहिनीनाथ ढाकणे यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त भाचे मंडळ.' खाली दोनशे नव्हे, पण त्रेसष्ट भाच्यांचे फोटो. त्यात टाय लावलेले औषधवाले होते, आबासाहेब होते, आणि कोपऱ्यात गणवेश न घातलेले वैजनाथ. येणारेजाणारे टेम्पोवाले गाडी थांबवून विचारायचे, या कोणत्या पक्षाच्या आणि कुठून निवडून आल्या. पानवाला कुणाला काय वाटेल ते सांगायचा.

शकीबाला मिरजगावच्या एका रोपवाटिकेत काम मिळालंय. रोज सकाळी डबा घेऊन ती त्या फ्लेक्सखालून स्टँडवर जाते. गाडी लागताना दाराकडे माणसं धावतात, आणि ती सगळ्यांच्या आधी पळत जाऊन खिडकीतून ओढणी आत टाकून जागा धरते. परवा एक फेटेवाले बाबा आत चढून नेमके त्याच जागेवर बसले. शकीबा दारातून आत आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि अख्ख्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"जागा धरलेली हाय, बाबा. उठा बरं."

बाबा उठले.